झोलेन म्हणजे म्हणे

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवायचा करार केला आणि नर्सिंग, आयटीआय केलेल्या पोरापोरींपुढे जर्मन भाषा येऊन उभी राहिली. तिच्यातली सहा साहाय्यक क्रियापदं नुसती ऐकूनच माणूस गार पडतो: क्योनेन, ड्युर्फेन, म्युसेन, झोलेन, वोलेन, म्योगेन. माझं म्हणणं असं, की हिंगोलीची मराठी येणाऱ्याने यांना घाबरू नये. घाबरायचंच तर जर्मनांनी आपल्याला घाबरावं. वसमतचा बाजारच घ्या. तिथे हळद विकावी लागते, कापूस विकावा लागतो, सोयाबीन विकावं लागतं. गरज एकच, पण माल बदलला की क्रियापदाने कपडे बदलायचे. जर्मन माणूस ‘इश मुस कुर्कुमा फेरकाउफेन’ म्हणतो (कुर्कुमा म्हणजे आपली हळदच) आणि कुर्कुमाच्या जागी काहीही आलं तरी त्याचं ‘मुस’ ढिम्म हलत नाही.

कुणी म्हणेल, खरा घोळ नकारात होतो. होतो, पण इंग्रजीच्या वाटेने गेलेल्याचा. इंग्रजी ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई. जर्मन ‘मुस निश्ट’ म्हणजे गरज नाही. ऑपरेशन झालेल्या पेशंटला ‘झी म्युसेन निश्ट आउफश्टेएन’ सांगितलं, तर ‘तुम्हाला उठावं लागणार नाही’ एवढाच अर्थ निघतो आणि गडी हौसेने उठून चालू लागतो. ‘उठायचं नाही’ म्हणायला ‘ड्युर्फेन निश्ट’च हवं. ‘लागत नाही’ आणि ‘करायचं नाही’ यांतलं अंतर आपल्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही कळतं. अडचण मानायचीच तर एक मानतो. आपल्याकडे ‘मला’ जावं लागतं, ‘मला’ पोहता येतं, ‘मला’ चहा हवा असतो. सगळं बिचाऱ्या ‘मला’वर येऊन पडतं. जर्मनमध्ये या तिन्ही ठिकाणी ‘इश’, म्हणजे थेट ‘मी’, पुढे करावा लागतो. इतकं अंगावर घ्यायची आपल्याला सवय नाही.

राहिलं झोलेन. नावातच झोल असला तरी हे सगळ्यांत घरचं. त्यात मर्जी तिसऱ्याची असते: डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून गोळी घ्यायची, तिथे झोलेन. आणि ऐकीव बातमी सांगायची, तिथेही झोलेनच. ‘डोर्ट झोल एस आरबाइट गेबेन’ म्हणजे तिकडे काम आहे म्हणे. करारावर कळमनुरीच्या टपरीवर जेवढी चर्चा व्हायची, तेवढीला हे एक वाक्य पुरतं.