ईशान्य बरी, पाया कसा?

वर्ध्यात घर घेण्याआधी तपासणी कडक होते. वास्तुवाले होकायंत्र घेऊन येतात, ईशान्येला संडास नाही ना बघतात. सासरे सातबारा बघतात, नि शेजाऱ्याचं आडनाव त्याहून बारकाईनं. खालची काळी माती मात्र कुणी विचारत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, अन् भिंतीला भेगा पाडते. बिल्डर सांगतो, ‘प्लास्टरची आहे, भाऊ!’ ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामाचा दोष रेरा कायद्यानुसार त्यानंच फुकट दुरुस्त करायचा. म्हणून रंगाकडून सहाव्या वर्षापर्यंत दम धरण्याची अपेक्षा. जवळच्या सेवाग्रामातला गांधीजींचा आदिनिवास मात्र १९३६चा, मातीचा नि कवेलूंचा, तरी उभा. बँकेचा व्हॅल्यूअर तिथं गेलाच, तर पार्किंग नाही म्हणून नापास करेल.