ब्लेड ठेवा खाली, वहिनी!

"अहो वहिनी, ते ब्लेड आधी खाली ठेवा! भिंतीवरून सगळं दिसतंय मला."

"कुरूप झालंय हो ताई. पाऊल टेकलं की खडा रुतल्यासारखं होतं. आमची कामवाली म्हणते, गोखरू आहे, कोरून काढा."

"कुरूपच कशावरून? वरून दाबा बरं. आता दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. जास्त कधी दुखलं?"

"वरून दाबलं तेव्हा. आई गं!"

"मग कुरूपच असावं. चिमटीत कळ आली असती, आत काळे ठिपके असते, कातडीच्या रेषा तिथे तुटलेल्या असत्या, तर चामखीळ. ती विषाणूची, कापाल तर पसरेल. आमच्या तात्यापाऱ्याच्या आत्याबाई चामखिळीलाच कुरूप समजून घासत बसल्या. शेवटी सुनेनं टाटीबंधला एम्समध्ये नेलं, तेव्हा उलगडा झाला. सुनेचं आधी ऐकतील तर आत्याबाई कसल्या!"

"आणि टाचेकडे हे पसरलंय ते?"

"तो नुसता घट्टा. आमच्या यांच्या घोट्यांवर आहेतच, भजनाला तासन्‌तास मांडी घालून बसतात ना. जाड आसन घ्या म्हटलं की, 'मी काय म्हातारा झालो?'"

"मग मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणू?"

"तुम्हाला शुगर आहे ना? मग नावच काढू नका. त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते चांगली कातडीही खातं. शुगरमुळे पाय बधिर असले तर जखम झालेली कळतसुद्धा नाही. माझं ठीक आहे, मी कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवते, वज्रीनं हलकं घासते, वर युरियाचं मलम. तुम्ही मात्र घरी काहीच करायचं नाही. आणि ती लग्नात घेतलेली टोकदार सँडल कुठाय?"

"पायातच असते की! बूढा तालाबाच्या फेऱ्यासुद्धा तिच्यातच. बाराशेची आहे, टाकू कशी?"

"तरीच! अहो, एकाच जागी दाब पडत राहिला की कातडी बचावासाठी जाड होते. डॉक्टरांनी कुरूप काढलं तरी सँडल तीच राहिली तर ते पुन्हा येणार. पुढून रुंद, मऊ तळाची चप्पल घ्या. घरातही फरशीवर अनवाणी हिंडू नका."

"आणि सँडल?"

"द्या कुणालाही, पण तिचं माप बघून द्या. उद्या सकाळी आधी डॉक्टरांना पाय दाखवून या, शुगरचा रिपोर्टही बरोबर न्या."