छपराची वर्गणी

मुलाकडे परदेशी गेलेल्या आईबापांचा पहिला आठवडा लंडन बघण्यात जातो, दुसरा स्टोनहेंज बघण्यात आणि तिसरा खिडकीतून बघण्यात. स्विंडनमध्ये आमचा तिसरा चालू होता. त्यामुळे शनिवारी शेजारच्या आजींनी त्यांच्या मूळ गावच्या चर्चच्या ‘समर फेट’चं आमंत्रण दिलं, तेव्हा फेट म्हणजे काय हे न विचारताच मी बूट घातले. “फेटे विकतात का हो तिथे?” सौ.ने जिन्यात विचारलं.

या आजी फार गोड. आम्ही आल्या आल्या पुण्याहून आणलेली भेट त्यांना दिली, तर चार वेळा “हाऊ लव्हली” म्हणाल्या.

फेट म्हणजे जत्राच. देवाच्या नावाने भरते, खाणं असतं, खेळ असतात आणि सगळे आभाळाकडे डोळे लावून असतात. फक्त आपली जत्रा दिवेलागणीनंतर रंगात येते. ही दुपारी दोनला सुरू होते आणि साडेचारला टेबलंसुद्धा घडी करून ठेवलेली असतात. पताका मात्र सेम टु सेम.

चर्चच्या फाटकाशी प्लायवूडचा माणसाएवढा थर्मामीटर उभा होता. जमलेल्या निधीचा पारा लाल रंगाने दाखवलेला. तो जेमतेम गुडघ्यापर्यंत चढला होता. निधी छपरासाठी. या जुन्या चर्चांच्या छपरांवर शिशाचे पत्रे असतात आणि शिशाला चांगला भाव येतो, त्यामुळे चोर रात्री येऊन देवाचं छप्पर गुंडाळून नेतात. आता इथे स्टेनलेस स्टील घालणार होते. “मग आधीच घालायचं,” सौ. म्हणाली. स्टीलवर तिची श्रद्धा लग्नातल्या आहेरापासूनची आहे.

माझा समज असा, की चर्च ऑफ इंग्लंड म्हणजे सरकारी काम. प्रत्यक्ष राजा त्याचा प्रमुख. पण राजा प्रमुख असला तरी छप्पर गावाचं. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या आळीतल्या मारुतीचा जीर्णोद्धार माझ्या लहानपणापासून चालू आहे. वर्गणीचं पाकीट पुढे करताना चर्चच्या व्हिकारबाईंनी विचारलं, “तुम्ही इथे कर भरता का?” इथल्या करदात्याने एक पौंड दान दिला, की चर्चला सरकारकडून वर पंचवीस पेन्स मिळतात. आमच्या पौंडाला मागे कोणी नव्हतं. तो एकटाच पेटीत पडला.

हो, व्हिकारबाई. चर्च ऑफ इंग्लंडने बायकांना पहिल्यांदा धर्मगुरूपदाची दीक्षा दिली ती 1994 साली, ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये, असं त्यांनीच चहा ओतता ओतता सांगितलं. आपल्याकडे गुरुजी चहा घेतात. ओतताना मी अजून पाहिलेले नाहीत.

मग टोम्बोला. चिठ्ठ्या काढायच्या, आकड्याच्या शेवटी शून्य किंवा पाच आलं तर बक्षीस. दोन पौंडांत पाच चिठ्ठ्या. (इथे प्रत्येक किमतीला मनात शंभराने गुणायची सवय लागते, आणि मग चहासुद्धा गोड लागत नाही.) पाचवी चिठ्ठी लागली! मला मिळाला टोमॅटो सुपाचा डबा. तारीख मागच्या मार्चची. “अरे, हा अजून आहे?” मागचे गृहस्थ आनंदाने म्हणाले. दोन वर्षांपूर्वी तो त्यांना लागला होता, त्यांनी पुढच्या फेटला दिला, मग तो डॉक्टरांना लागला, डॉक्टरांनीही दिला. सूप कोणी प्यायचं नसतं. सौ.ला हे क्षणात कळलं. ओटीच्या खणांचं राज्य चालवणारी बाई ती. चित्राकाकूंनी दिलेला मोरपंखी खण सात घरं फिरून परत चित्राकाकूंच्याच ओटीत पडल्याची नोंद आमच्या घरात आहे.

नारळाच्या खेळाबद्दल फार सांगत नाही. खांबांवर नारळ ठेवतात आणि चेंडू मारून पाडायचे असतात. जिथे नारळाचं झाड उगवत नाही त्या देशात कोकणच्या भाच्याने तीन चेंडूंत एकही नारळ पाडला नाही. माझ्यानंतर आलेल्या आठ वर्षांच्या मुलीने दोन पाडले आणि त्यांचं काय करायचं असतं, असं मला विचारलं.

केकच्या टेबलावर वीमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायका होत्या. ही संस्था मूळची कॅनडातली; ब्रिटनमध्ये ती 1915 साली वेल्सच्या अँगलसी बेटावर सुरू झाली. आपलं महिला मंडळ म्हणा, पण शिस्तीला लष्कर. व्हिक्टोरिया स्पंजमध्ये जॅम रास्पबेरीचाच, क्रीम अजिबात नाही, वर नुसती बारीक साखर. मी चुकून “क्रीम?” म्हणालो. पुरणपोळीबरोबर सॉस मागितल्यावर आमच्या मावशीने जसं पाहिलं असतं, तसं त्यांनी पाहिलं.

शेवटचं टेबल ‘व्हाइट एलिफंट’चं. सयामचा राजा म्हणे नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट द्यायचा. विकता येत नाही, कामाला लावता येत नाही, खाऊ मात्र घालावं लागतं. त्यावरून घरातल्या नकोशा वस्तूंच्या टेबलाला हे नाव. तिथे एकुलता एक बूट खेचायचा चिमटा होता, फोंड्यूचं भांडं होतं, आणि त्यांच्या मधोमध एक पांढरा हत्ती होता. खराच. दगडी, जाळीकामाचा, पोटात छोटा हत्ती असलेला. दोन पौंड.

“अहो,” सौ. हळूच म्हणाली, “आपला.”

आमचाच. आमच्या वास्तुशांतीला आलेला, अकरा वर्षं कपाटात खोक्यात बसलेला आणि तीन आठवड्यांपूर्वी आजींच्या हातात दिलेला. माझा संताप झाला. सौ. मात्र शांत होती. “त्यांनी खोक्याबाहेर तरी काढला,” ती म्हणाली. तेवढ्यात एका माणसाने हत्ती उचलून “एका पौंडाला देता का?” विचारलं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन गल्ल्या फिरणारी माझी बायको पुढे झाली आणि तिने हत्तीचे पाच पौंड दिले. सुट्टेही मागितले नाहीत. छपरासाठी, म्हणाली.

हत्ती पिशवीत घालणार, तोच मागे आजी. हातात कपबशी. आमच्याकडे बघितलं, हत्तीकडे बघितलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. साम्राज्य उगाच नव्हतं टिकलं.

“अरे वा!” त्या म्हणाल्या. “अगदी माझ्यासारखाच सापडला की तुम्हाला!”

“हो ना,” सौ. तितक्याच गोड आवाजात म्हणाली, “म्हणूनच घेतला. तुमच्याकडे जोडी होईल.” आणि तिने तो त्यांच्या हातात ठेवला.

आजी “हाऊ लव्हली” म्हणाल्या. या वेळी एकदाच.