इथली रेंज गेली कुठे?

बारावीला व्यतिकरण शिकवायचं म्हणजे फळ्यावर दोन फटी काढायच्या आणि मागे वळेपर्यंत अर्धा वर्ग पेंगायला लागलेला पाहायचा. प्रकाश ही लहर आहे, हे थॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच खटाटोपातून दाखवलं. मुलांचा प्रश्न मात्र एकच, "मॅडम, बोर्डाला किती मार्कांना?"

त्यांचंही बरोबर आहे. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. तिच्यासाठी कोण झोपमोड करणार? म्हणून मी वायफायला हात घातला. २.४ गिगाहर्ट्झवरची लहर साडेबारा सेंटीमीटरची, चक्क फूटपट्टीने मोजता येणारी.

टेबलावर एका फोनचा हॉटस्पॉट, समोर सिग्नल मोजणारं ॲप असलेला दुसरा फोन आणि त्याच्या मागे स्टाफरूममधून पळवलेला चहाचा स्टीलचा ट्रे. फोनकडे एक लहर सरळ येते, दुसरी ट्रेवर आपटून. दोघींचे उंचवटे एकदम पोचले तर सिग्नल तगडा. हिचा उंचवटा तिच्या खळग्यात पडला, की सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन उत्साही सभासद समोरासमोर आल्यावर ठरावाचं जे होतं, तेच. ट्रे तीनेक सेंटीमीटर मागे घेतला की परतणाऱ्या लहरीची वाट जाऊन-येऊन सहा सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या लहरीने वाढते आणि चित्र पालटतं. हेच व्यतिकरण.

अडचण एवढीच, की माणसाचं शरीरही लहरी अडवतं आणि परतवतं. वर्ग हलला की आकडा हलतो. 'हलू नका' या माझ्या जुन्या आरोळीला अखेर भौतिकशास्त्राचा आधार मिळाला.

ॲपवरचे आकडे उणे असतात. "उणे ४५ चांगलं, उणे ७० वाईट," मी सांगितलं. "म्हणजे नीटच्या परीक्षेसारखंच की!" पहिल्या बाकावरून आवाज आला. "तिथेही उणे ४५वाला उणे ७०वाल्यापेक्षा हुशारच." यावर काय बोलणार?

खरा प्रश्न शेवटच्या बाकावरून आला. "मॅडम, इथली रेंज गेली, ती गेली कुठे?"

नाहीशी होत नाही, म्हटलं. ऊर्जा इथे कमी पडली, तर लहरी जिथे जुळतात तिथे तेवढी जास्त पडते.

"म्हणजे शेजारच्यांकडे! आणि बिल आमचे पप्पा भरतात!" ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इतका मनाला लागलेला वर्ग मी पाहिला नव्हता.

हेच व्यतिकरण नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत मुद्दाम घडवतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. त्यांनी टिपलेल्या लहरी एकमेकींशी जुळवून दूरच्या आकाशगंगांचं चित्र तयार होतं. तिथे आपला मोबाईल म्हणजे निव्वळ गोंगाट.

तेव्हा वाचकहो, वायफाय रुसलं तर कस्टमर केअरला फोन लावण्याआधी आपला फोन तीनेक सेंटीमीटर सरकवून पाहा. तरीही जमलं नाही, तर पप्पांनी या महिन्याचं बिल भरलंय का, ते विचारा.