हुंकार

दीक्षितपुऱ्यात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला पहिले आठ दिवस वाटतं की आप्पा फोनवर कुणाचं तरी ऐकून घेताहेत. ओट्यावर वेताची खुर्ची, मांडीवर फोन, उजव्या कानात वायर, आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी घशातून निघालेला एक भरदार 'हूं'. मधूनच 'अरेरे'. कधी 'हे काही पटलं नाही बुवा'. आठ दिवसांनी कळतं की पलीकडे कुणीच नाही. पलीकडे कादंबरी आहे.

गल्लीतला दूधवाला विचारतो, "काए बड्डे, किससे बतिया रहे?"

"कर्णाशी," आप्पा सांगतात, आणि पुन्हा 'हूं'.

आप्पा तोफगाडीच्या कारखान्यातून, म्हणजे आमच्या जबलपूरच्या भाषेत जीसीएफमधून, चार्जमन म्हणून निवृत्त झाले. हा कारखाना १९०४ पासून लोखंडाशी भांडतो आहे, आणि त्यातली पस्तीस-छत्तीस वर्षं त्या भांडणाला आप्पा साक्षीदार होते. परिणामी त्यांचा उजवा कान शाबूत आहे आणि डावा सरकारजमा. एका कानाचा माणूस ऐकण्याच्या प्रांतात एवढा अधिकारी कसा झाला, असं कुणी विचारलं तर आप्पा म्हणतात, "जज एकच असतो. ज्यूरी बंद होऊन जमाना झाला."

आप्पांनी आजवर किती ऑडिओबुकं ऐकली याची गणती नाही. किती पूर्ण ऐकली याची मात्र आहे, आणि ती त्यांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे आहे. आप्पा अकराव्या मिनिटाला झोपतात. फोन चालूच राहतो, वायर कधीच निसटलेली असते, आणि आत भाजी निवडत बसलेल्या काकू पुस्तक शेवटापर्यंत ऐकतात. संध्याकाळी आप्पा सहज विचारल्यासारखं विचारतात, "काय झालं मग त्या वकिलाचं?" काकू दोन वाक्यांत सांगतात. दुसऱ्या दिवशी ओट्यावर आप्पा त्याच दोन वाक्यांवर तासभर बोलतात. साहित्यसमीक्षेचा उगम इतक्या जवळून बघायला मिळणं हे माझं भाग्य.

पण आप्पांची मतं उधारीची नाहीत हेही सांगायला हवं. अकरा मिनिटांत ते जे ऐकतात ते कान टवकारून ऐकतात. पुस्तक कुणी लिहिलं, कथानक काय, या गोष्टी त्यांच्या लेखी दुय्यम. त्यांचा पहिला प्रश्न, "वाचतोय कोण?" मराठीत दोन च आणि दोन ज आहेत आणि कागदावर ते सारखेच दिसतात. चाकातला च वेगळा, चंद्रातला वेगळा. जगातला ज वेगळा, जन्मातला वेगळा. पुण्या-साताऱ्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे मुलं देवनागरी शिकतात ती हिंदीच्या पुस्तकातून, त्यामुळे त्यांचं चाकही चंद्रासारखंच फिरतं आणि 'बाळ'चा 'बाल' होतो. आप्पांचा नातू सहा वर्षांचा होईपर्यंत आजीला 'मला चमचा दे' असं म्हणायचा, ते थेट हिंदीत ऐकू यायचं. तेव्हापासून आप्पा प्रत्येक निवेदकाचे च मोजतात. एका निवेदकानं एका प्रकरणात तीन च हुकवले म्हणून त्यांनी पुस्तक बंद केलं होतं. वर मला म्हणाले, "आता तूच सांग बड्डे, एवढा मोठा स्टुडिओ, आणि च चुकवून राहिला तो!"

'चुकवून राहिला' हे कुठलं मराठी, असं विचारायचं धैर्य गल्लीत कुणाला नाही. आमचं मराठी नागपूरमार्गे आलेलं आहे. १९५६ पर्यंत आमची राजधानीच नागपूर होती. मग राज्य बदललं, जबलपूरला उच्च न्यायालय मिळालं. पण आप्पांच्या घरातलं क्रियापद अजून जुन्या राजधानीतच राहतं. कॅसेटही तिथूनच यायच्या. सीताबर्डीला कुणी निघालं की त्याच्या हातात यादी पडायची: हिंगाची डबी, मेतकूट आणि पु.लं.ची कॅसेट.

या कॅसेटनं आप्पांच्या पुढच्या आयुष्याचं नुकसान केलं, असं माझं मत आहे. पु.लं.नी 'म्हैस' स्वतः सांगितली, 'अंतू बर्वा' स्वतः सांगितला. वपुंनी आपल्या कथा स्वतः सांगितल्या. मिरासदार, शंकर पाटील गावोगाव जाऊन लोकांसमोर उभे राहून सांगत. म्हणजे लिहिणारा आणि बोलणारा एकच. आप्पांना वाटलं, जगात असंच असतं. त्यामुळे आता कुठल्याही विनोदी पुस्तकाला वेगळ्या माणसाचा आवाज ऐकला की त्यांचा चेहरा परक्यानं आपल्या ताटात जेवल्यासारखा होतो. आणखी एक भानगड आहे. त्यांच्या टू-इन-वननं एका कॅसेटची फीत एका जागी चावली होती. पंचवीस वर्षं आप्पांनी तो विनोद तसाच, चावलेल्या जागेवरून उडी मारत ऐकला. आता फोनवर तोच प्रसंग अखंड लागतो, तर त्या जागी आप्पा अस्वस्थ होतात. "इथं काहीतरी जास्तीचं घातलंय," म्हणतात. मूळ पाठात प्रक्षेप ओळखणारे भांडारकर संस्थेतले पंडित असेच तयार होत असावेत.

२०१७ च्या शेवटी स्वीडनची स्टोरीटेल भारतात आली, ती इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही घेऊन. आप्पांच्या पुण्यातल्या मुलीनं त्यांच्या फोनवर ते घालून दिलं. तेव्हापासून आप्पांचं ऐकणं प्रकारवार झालं. विषयांचं वेळापत्रक ठरलं, आणि ते बव्हंशी भीतीवर आधारलेलं आहे.

भुताच्या गोष्टी, म्हणजे धारप आणि मतकरी, सकाळी अकरा ते साडेबारा. या वेळात ओट्यावर ऊन असतं, शाळेच्या रिक्षा नसतात, पण भाजीवाला असतो. आप्पांना भयकथेला माणसांची सोबत लागते. एकदा थंडीत ढग दाटून आले आणि धारपांच्या वाड्यातला जिना करकरायला लागला, तशी त्यांनी भाजीवाल्याला दोन किलो मटार घेण्याच्या मिषानं पाऊण तास थांबवून ठेवलं. मटार आम्ही सगळ्यांनी सोलले.

दुपारी आत्मविकास. यशस्वी माणसांच्या सात-आठ सवयी, पैसा कसा वाढवावा, पहाटे कसं उठावं. ही पुस्तकं आप्पा दुप्पट वेगानं ऐकतात. "सुधारायला वेळच किती उरलाय!" असा त्यांचा रोकडा हिशोब. शिवाय या प्रकारात एक गोष्ट नऊ वेळा सांगतात, त्यामुळे दुप्पट वेगानंही ती साडेचार वेळा ऐकू येते. हा आप्पांचा गुणाकार-भागाकार मला कुठल्याही पुस्तक परीक्षणापेक्षा नेमका वाटतो.

वेगाच्या या बटणानं एकदा मात्र घात केला. आचार्य रजनीश आमच्या गावचे. ते पुढे पुण्याला आणि त्याही पुढे गेले हा भाग वेगळा. पण १९६६ पर्यंत ते इथे महाकोशल महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते, आणि भंवरतालच्या बागेतलं ज्ञानप्राप्तीचं मौलश्रीचं झाड लोक अजून बघायला येतात. या गृहस्थांची शेकडो पुस्तकं आहेत आणि जवळपास सगळी बोलून झालेली, नंतर कागदावर उतरवलेली. म्हणजे खरी ऑडिओबुकं त्यांचीच. त्यांच्या दोन शब्दांच्या मध्ये एखादं छोटं गाव वसेल एवढी जागा असे. आप्पांनी आत्मविकासाच्या नादात ते प्रवचनही दुप्पट वेगानं लावलं. मौन नाहीसं झालं, श्वास नाहीसे झाले, आणि उरला तो बाजारातल्या फवाऱ्याजवळ साड्यांचा भाव सांगणारा एक चुणचुणीत माणूस. आप्पा म्हणाले, "यात तर काहीच नाही रे!" मग मूळ वेगावर लावलं. डोळे मिटले. चौथ्या मिनिटाला समाधी लागली. अकराव्याची वाट बघावी लागली नाही.

परसाईंबद्दल त्यांचं मत ठाम आहे. हरिशंकर परसाई जबलपूरचे, तेव्हा ते वाचायला जबलपूरचाच माणूस हवा, दिल्ली-मुंबईचा चालणार नाही. हे मत मला शंभर टक्के मान्य आहे. तो तिरकसपणा फार साफ उच्चारला की मरतो. त्याला थोडं पान तोंडात असावं लागतं.

रहस्यकथांचं सांगायचं तर त्यात दोष माझा. मी आप्पांना एक माहिती पुरवली. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांचा विचार करून 'बोलकी पुस्तकं' निघाली. १९३५ मध्ये तबकड्यांवर आलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीबाईंची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' होती. आप्पांनी ती शोधून लावली. अकरा मिनिटं ऐकली. शेवट नेहमीप्रमाणे काकूंनी सांगितला. तो मी इथे फोडत नाही; एवढंच सांगतो की तेव्हापासून कुठलंही पुस्तक सुरू झालं की आप्पा सर्वांत आधी वाचणाऱ्यावरच संशय घेतात. परवा 'पाककृती' म्हणून काही लागलं होतं, तर तिथेही म्हणाले, "ही बाई काहीतरी लपवून राहिली आहे." मीठ सांगायचं राहिलं होतं म्हणे.

प्रौढांसाठीच्या कथांबद्दल आप्पांचं काही मत नाही. त्या दिवशी ते गच्चीवर असतात.

आणि ऐतिहासिक-पौराणिक. हा त्यांचा बालेकिल्ला. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. सहा माणसं नऊ भागांत आपापली बाजू मांडतात. सावंतांनी पुस्तक जणू सहा गळ्यांसाठीच लिहिलं, असं आप्पांचं म्हणणं. एकाच माणसानं सहाही जणांचं बोलायचं म्हणजे भारतीय युद्ध एका दमात, एका दम्यात. या जातीचं काही लागलं की आप्पांचा हुंकार सर्वांत मोठा असतो. नागपूरला गाडीनं जाताना सिवनीमार्गे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. आप्पा तो किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. ग्वारीघाट म्हणजे एक लघुकथा, भेडाघाट म्हणजे दोन, आणि नागपूर म्हणजे एक आटोपशीर कादंबरी. गेल्या खेपेला मी गाडी चालवत होतो. घाटात समोरून ट्रक आला, मी जोरात ब्रेक मारला, आणि मागून आप्पा शांतपणे म्हणाले, "हूं, पुढे?" तो प्रश्न मला नव्हता.

या 'हूं'चं मूळ मला उशिरा कळलं. आप्पांच्या आजोबांकडे चातुर्मासात संध्याकाळी पोथी असे. वाड्याच्या ओसरीवर आसपासची मराठी घरं जमायची. आजोबा वाचत आणि समोर बसलेल्या एकाला हुंकार द्यावा लागे. ते काम सात-आठ वर्षांच्या आप्पांकडे होतं. हुंकार थांबला की आजोबा थांबत, चष्म्यावरून बघत, आणि मागच्या ओवीपासून पुन्हा सुरू करत. म्हणजे झोप लागली तर पोथी लांबे, पोथी लांबली तर प्रसाद लांबे, आणि प्रसाद लांबला की पोरं आप्पांना बाहेर बघून घेत. दासबोधात नवविधा भक्तीचा दशक श्रवणापासूनच सुरू होतो. पण ऐकणाऱ्यावर एवढी जबाबदारी असते हे समर्थांपेक्षा त्या पोरांनी आप्पांना जास्त पक्कं शिकवलं.

फोनचं दुखणं इथेच आहे. त्याला हुंकार लागत नाही. तुम्ही ऐका, झोपा, उठून फवाऱ्यावर खोव्याची जलेबी खाऊन या. तो आपला वाचत असतो. त्याला टोकता येत नाही, 'अहो, हे पुन्हा सांगा' म्हणता येत नाही. आप्पा तरीही 'हूं' म्हणतात आणि टोकतातही. पुस्तक ऐकत नाही म्हणून ते टोकणं गल्लीला ऐकावं लागतं. मी आधी याला म्हातारपणाचा चाळा समजत होतो. आता वाटतं, ओसरीवर बसणारं कुणी उरलं नाही म्हणून या माणसानं ओसरीतली आपली जागा तेवढी सोडलेली नाही.

गेल्या आषाढात एक बदल झाला. नातू आता दहा वर्षांचा आहे. त्याला मराठी वाचायला लावलं की पोट दुखतं, पण ऐकायला त्याची ना नाही. आप्पांनी 'श्यामची आई' लावली. ते पुस्तकच मुळी सांगितलेलं: आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर श्याम गोष्ट सांगतो, एकेका रात्री एक, अशा बेचाळीस रात्री. जेवणं झाल्यावर आजा-नातू गादीवर आडवे होतात. वायरचं एक टोक आप्पांच्या उजव्या कानात, दुसरं नातवाच्या डाव्या. पोरगं हळव्या जागी हसतं आणि विनोदी जागी विचारतं, "आप्पा, 'पत्रावळ' मतलब?" आप्पा फोन थांबवून सांगतात. त्यात अर्धा तास जातो, पत्रावळीवरून मांडव निघतो, मांडवावरून कुणाच्या तरी लग्नातलं भांडण.

फोन नातवाच्या हातात असतो. आप्पांचा हुंकार थांबला की तो पुस्तक बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी जिथे हुंकार थांबला होता तिथून पुन्हा लावतो. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती-दसरा झाले.

सध्या नववी रात्र चालू आहे.