बसतंय ना, मग झालं!

भिवंडी-वाडा रस्त्यावर गाडीला जात उरत नाही. भिवंडीतून निघताना अस्सल मारुती असलेली गाडी पावसाळ्याअखेर एका चाकापुरती होंडा आणि स्टेपनीपुरती ह्युंदाई झालेली असते. खड्ड्यात डिस्क वाकते, मॅगव्हीलला तडा जातो. अंबाडी नाक्यावर माणूस टायरवाल्यापुढे उभा राहिला की कंपनीचा अभिमान बाजूला ठेवतो आणि विचारतो, "दादा, काही बसेल का?"

अंबाडीचा टायरवाला "नाही" म्हणत नाही. भंगारातून आणलेल्या चाकांच्या ढिगात तो स्थळ शोधतो. पत्रिका मात्र पाहत नाही, आणि सगळी गंमत पत्रिकेतच असते.

पहिला गुण पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्टला चार भोकं, 100 मिलिमीटर. जुन्या होंडा सिटीलाही तेवढंच. मारुतीच्याच जुन्या एस्टीमला चारच भोकं, पण 114.3. म्हणजे थोरल्या भावाचं चाक धाकट्याला होत नाही, शेजाऱ्याचं होतं. हे 114.3 म्हणजे मिलिमीटरचा सदरा घातलेले साडेचार इंच. फियाट पॅलिओचा आकडा 98. शंभराला दोन कमी. डोळ्याला फरक दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं धरून नट आवळले जातात.

दुसरा गुण मधल्या भोकाचा. स्विफ्टच्या हबला 54.1 मिलिमीटर लागतं, सिटीच्या चाकाला 56.1 असतं. सिटीचं चाक स्विफ्टला चढतं, पण मध्ये फट राहते. ती भरायला रिंग मिळते. ती न घालता चाक जरा जरी केंद्र सोडून बसलं, की ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मात्र या रस्त्यावर ऐंशीचा वेग गाठायची सोयच नसल्यामुळे हा दोष अंबाडीत आजवर कुणाच्या लक्षात आलेला नाही.

तिसरा गुण नटाचा. होंडाच्या मूळ चाकात नटाची बैठक गोल असते, मारुतीचा नट शंकूसारखा निमुळता. दोघं एकमेकांना जेमतेम एका कडेवर टेकतात. पाना फिरवताना घट्ट वाटतं, नंतर नट हळूहळू ढिला होतो. यावर टायरवाल्याकडे चार शब्दांचं शास्त्र आहे : "बसतंय ना, मग झालं!"

चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरीला नवस बोलला, अशी आख्यायिका आहे. 1739 साली किल्ला मिळाला, देवीला देऊळ मिळालं. आता अंबाडीहून वज्रेश्वरीकडे वळणारा भाविक किल्लाबिल्ला मागत नाही. जाताना चार चाकं आहेत, येतानाही चारच राहू देत, एवढंच मागतो. कोणत्या कंपनीची, हे तो देवीवर सोडतो.

देवीचं ठीक आहे, कायद्याचं तसं नाही. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52 : कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर लावला : प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परकं चाक या व्याख्येत बसतं की नाही, यावर वकील वाद घालू शकतात. नाक्यावर शिट्टी वाजली की आपण घालत नाही.

तत्त्व उत्तमच आहे. वस्तू जशी मंजूर झाली तशीच राहिली पाहिजे. मग हे तत्त्व चाकाखाली का जात नाही? रस्त्याचीही निविदा असते, तीत रुंदी असते, खडीचे थर असतात, डांबराची जाडी असते. या रस्त्यावर वाहनधारकांनी टोलही भरला. मूळ नमुन्याशी इतका विसंगत बदल ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही गाडीने स्वतःत केलेला नसेल. खड्ड्यागणिक 5,000 लावले, तर पावतीपुस्तकं भिवंडीच्या गोदामात ठेवावी लागतील.

कायद्याने रस्त्याला अगदीच मोकळं सोडलेलं नाही. 2019 च्याच दुरुस्तीत कलम 198-अ आलं. रस्ता ठरलेल्या दर्जाचा न ठेवणारी यंत्रणा किंवा कंत्राटदार यांना एक लाखापर्यंत दंड. पण केव्हा? त्या हयगयीमुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं तर. गाडीचा गुन्हा चाक बदललं की पूर्ण होतो, रस्त्याचा गुन्हा पूर्ण व्हायला माणूस लागतो. नुसती डिस्क वाकली, तर ते रस्त्याचं खासगी आयुष्य.

खरी मेख पुढे आहे. दोष ठरवताना न्यायालयाने काय काय पाहावं, याची यादी त्याच कलमात आहे. त्यात एक मुद्दा असा : वापरणाऱ्यांना रस्ता कोणत्या अवस्थेत असण्याची अपेक्षा होती?

आता अंबाडी नाक्यावरच्या कुठल्याही हॉटेलात बसा. चहा येईपर्यंत चार जण तेच म्हणतील, "जाऊ द्या हो, या रस्त्याकडून कसली अपेक्षा!" आपल्याला वाटतं, आपण व्यवस्थेला टोमणा मारला. प्रत्यक्षात आपण कंत्राटदाराच्या वकिलाला फुकटात चार साक्षीदार मिळवून दिलेले असतात. तेव्हा चाक हवं त्या कंपनीचं बसवा, पण गुळगुळीत रस्त्याची अपेक्षा सोडू नका. शक्यतो ती लेखी करा, दोन प्रतींत, आणि पोच घ्या.