पाव आटा ढिला

शहाणी माणसं बटण दाबून गाडी सुरू करतात आणि कामाला जातात. त्यांची कीव करावी तेवढी थोडी. पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी केव्हा, हे सगळं बॉनेटखालचा एक डबा परस्पर ठरवतो. मालकाला कोणी विचारतही नाही. डोंबिवलीत ज्याच्या दारात अजून प्रीमियर पद्मिनी उभी आहे, त्याच्या मताला मात्र, निदान रविवारी सकाळी, किंमत असते.

कुर्ल्यात बनलेली, इटलीच्या फियाटच्या कुळातली, १०८९ सीसीची ही गाडी एकदा ट्यून केली की झालं, असं अडाणी लोकांना वाटतं. आधी पॉइंटची गॅप लावायची. गॅप वाढली की टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होतं, म्हणून डिस्ट्रिब्युटर सैल करून केसभर फिरवायचा. तो फिरवला की स्लो, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, बदलतो. स्लो उतरवायला कार्बोरेटरचा एक स्क्रू, आणि त्याला हात लावला की हवेचा दुसरा स्क्रू पुन्हा पाव आटा. एवढं होईतो लक्षात येतं की पॉइंट जळालेत, घासायला हवेत. घासले की गॅप बदलते. सरकारी फाइलसुद्धा कधीतरी निकाली निघते. हे काम त्याहून वरच्या दर्जाचं.

चोकमध्ये माणसाचा स्वभाव कळतो. उदार माणूस पूर्ण ओढतो, पेट्रोल ओव्हर होतं, प्लग भिजतात. कंजूष ओढतच नाही, बॅटरी बसते. धक्का मारायला दोघेही त्याच शेजाऱ्यांना हाका मारतात. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली, की मेंटेनन्सच्या थकबाकीवरून अबोला धरलेली मंडळी एकाच डिकीला हात लावून उभी राहतात. अशा वेळी पहिल्या मजल्यावरचे काका, ज्यांनी जन्मात स्टिअरिंग धरलेलं नाही, गॅलरीतून सांगतात, ‘‘अहो, टायमिंग थोडं मागे घ्या!’’ आणि ते घेतलं जातं.

याचा सार्वजनिक लाभ अजून कोणी मोजलेला नाही. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात शहाण्या गाड्या खोळंबल्या आणि त्यांच्या मालकांनी पालिकेपासून रेल्वेपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. पद्मिनीवाल्यांची तक्रार नव्हती. त्यांची गाडी पुलापर्यंत पोचणारच नव्हती. शिळफाटा आणि घोडबंदर रोडवर मेट्रोचे इतके खांब उभारण्यापेक्षा कार्बोरेटर सक्तीचा केला असता, तर निम्मी वाहनं आवारातच राहिली असती. प्रीमियरचा दुसरा कारखाना याच कल्याण-शीळ रस्त्यावर होता. तिथे नव्वदच्या दशकात फ्रेंच प्यूजो ३०९ जोडली जायची. ती आली आणि गेली. म्हातारी अजून स्लोवर थरथरते आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा मुंबईकरांनी फोटो काढले, उसासे टाकले. डोंबिवलीत तेवढी सवड कोणाला होती?

आता सरकारनेही हात दिला आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, शिवाय जुने रबरी पाइप खराब होतात ते वेगळंच. म्हणजे जेट बदला, मग स्लो, मग टायमिंग. ज्या दोन-चार गाड्या चुकून नीट लागल्या होत्या, त्यांच्या मालकांचंही पुनर्वसन झालं.